झोपेची खूण

धाकटीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. घरच्यांना हे कळायला दोन वर्षं लागली, कारण ती हसायची, रडायची, हाक मारली की योगायोगाने वळायचीसुद्धा. एकदा तिच्या पाठीमागे ताटांची चळत कोसळली आणि ती ढिम्म हलली नाही, तेव्हा आई तिला उचलून डॉक्टरांकडे धावली.

डॉक्टरांनी बजावलं, "हिच्याशी हातवारे करू नका. हातांची सवय लागली की तोंड कधीच उघडणार नाही." शाळेतल्या बाईंनीही तेच धरून ठेवलं. धाकटीच्या ओठांसमोर कागदाचा कपटा धरून त्या तिला 'प' म्हणायला लावायच्या. कपटा हलला की शाबासकी, हात हलले की पट्टी. काही वर्षांनी ती 'पाणी', 'आई' आणि 'नको' यांच्या जवळपासचं, घरच्यांनाच कळेल असं काहीतरी म्हणायला लागली. मग बाईंनीच हात टेकले. "पालथ्या घड्यावर पाणी," म्हणाल्या, आणि शाळा सुटली ती सुटलीच.

तिला जगाशी जोडून ठेवलं ते थोरलीने, म्हणजे तिच्याहून चार वर्षांनी मोठ्या बहिणीने. मोठ्यांची नजर चुकवून दोघींनी आपल्याच खुणा बनवल्या. अंबाड्यावर हात म्हणजे आई. मिशीला पीळ म्हणजे बाबा. नाक चिमटीत धरलं की समोरच्या जिन्यातले आजोबा, कारण त्यांचं आणि आंघोळीचं वैर होतं. पोटावर थाप म्हणजे भूक, गालाखाली तळहात म्हणजे झोप. घर चालायला एवढं पुरायचं. पण त्यात 'काल' नव्हता. 'का' नव्हतं, 'जर' नव्हतं. समोर दिसतं त्याचीच खूण. थोरलीला ही उणीव कधी जाणवली नाही, तिच्या डोक्यात बाकीचे शब्द होतेच की.

धाकटी विशीला टेकली असेल, तेव्हा आई आजारी पडली. दवाखान्यात गेली आणि तिथेच गेली. धाकटीला कुणी तिकडे नेलं नाही. "तिला काय कळणार? उगाच घाबरेल," असं सगळ्यांचं मत पडलं. संध्याकाळी थोरलीने तिला समोर बसवलं. अंबाड्यावर हात ठेवला, मग गालाखाली तळहात घेतला आणि डोळे मिटले. दुसरी खूण तिच्यापाशी नव्हती.

धाकटीने मान डोलावली, उठली आणि आईच्या पलंगावर धुतलेली चादर घालून ठेवली.

ती चादर बरेच दिवस तशीच राहिली. आणि मग धाकटी झोपलेल्या माणसाला घाबरायला लागली. लग्नानंतर थोरलीने तिला आपल्याकडेच ठेवून घेतलं होतं. दुपारी भाऊजी जरा आडवे झाले की ही धावत जाऊन त्यांना गदागदा हलवायची.

"अगं बाई, मेलो नाहीये मी अजून!" भाऊजी ओरडायचे.

पाहुणे हसायचे. थोरली तिला दंडाला धरून बाजूला न्यायची आणि हळूच म्हणायची, "थोडी वेडसर आहे."

पुढे तिला एका रुग्णालयाच्या धुलाईघरात काम मिळालं. वाफाळलेल्या चादरी दोन-दोन बायकांनी चार टोकांना धरायच्या, झटकायच्या, घडी घालायची. यंत्रांची घरघर एवढी की तिथे सगळेच बहिरे. मुकादम खांद्यावर एकदा थोपटायचा, म्हणजे चला, पुढचा गठ्ठा. तिथे तिची चाळिशी आली.

मग इस्त्रीच्या यंत्रावर एक नवी बाई लागली. तीही बहिरी, पण बहिऱ्या आईबापांची लेक, त्यामुळे पाळण्यापासून हातांनी बोललेली. धाकटी आपल्यासारखीच आहे हे कळताच इस्त्रीवालीची बोटं भराभर चालायला लागली. धाकटीला वाटलं, ही माश्या हाकलतेय.

इस्त्रीवालीने चिकाटी सोडली नाही. जेवणाच्या सुट्टीत ती एकेक खूण दाखवायची: चमचा, चादर, मुकादम. धाकटी नक्कल करायची, पोपटासारखी. हात तसाच वळायचा, आत काही उमटायचं नाही. एक दिवस इस्त्रीवालीने तिच्या डब्याकडे बोट केलं, पोळी दाखवली, मग हात खांद्यावरून मागे टाकला आणि अंड्याची खूण केली. आज पोळी, मागे, काल, अंडं. धाकटी डबा बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने आपणहून हात मागे टाकला: पाऊस. अजून मागे: घरच्या शिवणयंत्रात तिचं बोट सापडलं होतं ते. अजून मागे. तिच्या डोक्यात सुटे सुटे पडलेले दिवस ओळीने लागायला लागले.

असं मागे जाता जाता ती आईपाशी पोचली. अंबाडा, गालाखाली तळहात, आणि दोन्ही तळवे उताणे: कुठे?

इस्त्रीवालीला आधी काही उमगेना. उमगलं तेव्हा तिने धाकटीला हाताला धरून मागच्या अंगणात नेलं. वाफेच्या नळाखाली एक कबूतर मरून पडलं होतं. इस्त्रीवालीने त्याला हलवून दाखवलं. झोपेची खूण केली, ती हवेतच पुसली आणि तळहात पालथा केला. हे असं. तुझी आईही अशी.

धाकटीने कबूतर हलवून पाहिलं. पुन्हा हलवलं. मग भिंतीला टेकून खाली बसली.

तिच्या रडण्याने घर हादरलं. दुसऱ्या दिवशी थोरली तणतणत धुलाईघरात आली. "कुणी हात लावला हिला?"

"कुणीही नाही, ताई," मुकादम म्हणाला. इस्त्रीवालीने एका चिठोऱ्यावर दोन ओळी खरडल्या, त्या त्याने वाचल्या. "ही लिहितेय, तिची आई वारली हे मी तिला सांगितलं."

"त्याला वीस वर्षं झाली! आणि मी तेव्हाच सांगितलं होतं. हे असं!" थोरलीने अंबाड्याला हात लावला आणि तळहात गालाखाली धरला.

मुकादम घुटमळला. "ताई, ही तर झोपेची खूण."

थोरलीचा हात गालापाशीच राहिला. "म्हणून ती यांना उठवायची…" एवढंच ती बोलली.

इथून पुढे सगळं सुरळीत झालं असं सांगायला मला आवडलं असतं. पण धाकटीला आता प्रश्न पडायला लागले होते आणि घरात ते कुणालाच वाचता येत नव्हते. इस्त्रीवाली शिकवायला तयार होती. थोरली दोन-तीन रविवार गेली आणि थांबली. "आमची आहे की आमची भाषा. इतकी वर्षं काय अडलं?" जेवताना सगळ्यांचे ओठ हलायचे. काय म्हणाले, असं धाकटी विचारायची आणि थोरली हात झटकायची: काही नाही, नंतर. शब्दाने शब्द वाढतो म्हणतात. धाकटीकडे आता शब्द होते, पण भांडायला समोर कुणी नव्हतं. पूर्वी तिला भिंत दिसतच नव्हती. आता ती उठता-बसता कपाळाला लागायची.

इस्त्रीवालीकडे एक खोली रिकामी झाली. धाकटीने अंथरुणाची वळकटी बांधली, दाराशी ठेवली, स्वतःकडे आणि बाहेर बोट केलं. "उकडतंय का?" म्हणत थोरलीने वळकटी उचलून खिडकीशी अंथरली आणि खिडकी उघडली. असं तीनदा झालं. शेवटी इस्त्रीवालीच घरी आली आणि तिने सरळ लिहून दिलं: ही माझ्याकडे राहायला येऊ पाहते आहे.

"रस्त्यात गाडीचा भोंगा हिच्यासाठी कोण ऐकणार? ताप आला तर?" थोरली म्हणाली.

"अगं, तिकडे तिला बोलायला माणसं आहेत. जाऊ दे," भाऊजी म्हणाले.

"आणि मी कुणाशी बोलू?"

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण या प्रश्नाला 'माझ्याशी' असं उत्तर देणं भाऊजींच्याने झालं नाही. धाकटीने त्यांची बाही ओढली: काय म्हणाली ती? त्यांना खुणा येत नव्हत्या. थोरलीला येत होत्या, तिने मान फिरवली.

इस्त्रीवाली एकटीच परत गेली. धाकटी अजून त्याच घरात आहे. वळकटी ती रोज सकाळी दाराशी नेऊन ठेवते. थोरली ती आता उचलत नाही. ओलांडून दूध आणायला जाते, आणि येताना पुन्हा ओलांडून घरात येते.