काकी, आलं!

मूल होत नाही म्हटलं की आधी बाईलाच तपासणीच्या टेबलावर का झोपवतात, सांगाल?

ठिबकच्या नळीकडे बघून सगळं जग कळतं, असं मानणारी बाई पृथ्वीवर एकच: माझ्या चुलत सासूबाई. उसाची मोटार सुरू झाली की काकी शेताच्या पार टोकाला जातात, नळीचं बूच काढून उभ्या राहतात आणि पाणी पोचलं की "आलंऽऽ!" अशी आरोळी ठोकतात, की शेजारच्या रानातले बैल थांबतात. घरात कुणालाही सर्दी झाली तरी त्यांचं निदान एकच, "गाळ साठलाय. धुवून काडा."

लग्नाला बरीच वर्षं लोटली, मूल झालं नाही आणि घरात माझ्या नवऱ्यासाठी दुसरी मुलगी बघायची कुजबुज सुरू झाली. काकींनी भरल्या पंक्तीत पुतण्याला विचारलं, "आदी मोटार तपासायची, मग पाईप. कवा जातोस रं?" तो ताटातला भात उगाच चिवडत बसला. पण तपासणीला गेला. रिपोर्ट चांगला आला. मग माझी पाळी.

सांगलीला गर्भनलिकांचा एक्स-रे काढायचा होता. सासूबाईंनी गल्लीत सांगितलं, दर्शनाला चाललोय. काकी एसटीच्या खिडकीतून ओरडल्या, "आवं, दर्शन कसलं? पोरीच्या पिशवीचा फोटू काडायचाय!"

बारीक नळीतून गर्भाशयात औषध सोडतात. ते गर्भनलिकांतून पुढे सरकताना पडद्यावर दिसतं. पोटात कळ उठली. नळ्या बंद निघाल्या तर सासरचं दार बंद, एवढंच डोक्यात होतं. तेवढ्यात बाहेरून हाक आली, "आलं का गं?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "डावीकडून पडलं बाहेर... उजवीकडूनही. दोन्ही मोकळ्या आहेत."

होतं नव्हतं ते बळ एकवटून मी ओरडले, "आलंऽऽ काकी! दोन्हीकडं आलं!" बाहेर बाकावरच्या अनोळखी बायकाही हसल्या म्हणे.

परतताना काकींनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. "लय झ्याक! खिलारी खोंडाची शिंगंच जणू." मग ती जपून पाकिटात घातली. त्यांना मूलबाळ नाही. "आमच्या टायमाला फोटू कुटला गं," त्या हळूच म्हणाल्या. "वांझ म्हणली समदी, मी व्हय म्हणलं. टोकाला कुणी हुबंच न्हवतं."

मूल होईल तेव्हा होईल. कुजबुज थांबली. नळ्या बंद असत्या तरी सवत आणायचा हक्क कुणाला नव्हता, हेही ऐकून ठेवा. आणि एवढं करा: तुमच्या घरातून कुणी या तपासणीला निघाली, तर आधी तिच्या नवऱ्याला पाठवा. मग तिच्यासोबत जा, दाराबाहेर उभे राहा आणि तिला ऐकू जाईल अशी हाक द्या.