आधी पट्टा, मग पित्त

डॉ. रमाताई ओव्हाळ यांची माझी ओळख झाली ती त्यांनी माझे भाषण बंद पाडले तेव्हा. पोलिसांना जे कधी जमले नाही, ते त्यांनी एका वाक्यात केले.

हडपसरच्या शेतांवर आयटी पार्कच्या इमारती चढत होत्या, ते दिवस. आत बसणाऱ्यांना गाळलेले पाणी आणि त्यांच्या काचा पुसणाऱ्या बायकांना बाहेरच्या पिंपातले. त्याविरुद्ध आमच्या कामगार संघटनेची फाटकासमोर द्वारसभा होती. माझी पत्नी संगीता तिथेच सफाईला होती. आठवा महिना, पहिल्या रांगेत बसलेली. सकाळपासून छातीखाली दुखत होते, डोके ठणकत होते. "पित्त आहे, थंड दूध घे," असे सांगून मी माईक हातात घेतला. विषय होता कामगार स्त्रियांचे आरोग्य! लिहिताना आजही मान खाली जाते.

रमाताई दवाखान्यातली नोकरी सांभाळून वस्त्यांत तपासणीला येत. त्या दिवशी सभेलाही आल्या होत्या. संगीताची सुजलेली बोटे पाहून त्यांनी पिशवीतून रक्तदाबाचा पट्टा काढला. मोजला, पुन्हा मोजला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वक्ते, भाषण उद्याही होईल. बायको एकच आहे ना तुम्हाला?"

रिक्षाने रुग्णालय गाठले. तिथले तरुण डॉक्टर म्हणाले, "मॅडम, ॲसिडिटी दिसतेय."

"अहो, दिसतेय काय! लघवी तपासा. प्रथिनं निघाली नाहीत तर मी जाहीर माफी मागते."

माफी मागावी लागली नाही. गरोदरपणात चढलेल्या दाबाने यकृताला ग्रासले होते. मी पित्त म्हणत होतो ते हेच. त्याच दुपारी शस्त्रक्रिया झाली. आई वाचली, लेक वाचली.

गरोदर बाईने पित्ताची तक्रार केली की आधी पट्टा, मग पित्त, हा रमाताईंचा दंडक. पण खऱ्या पोटदुखीलाही त्यांनी कधी झटकले नाही. जठरात व्रण करणारा जंतू असलेल्या काही गरोदर बायकांचा दाबही चढतो, असे त्यांना दिसत होते. त्या नोंदी ठेवू लागल्या. डॉक्टरांच्या एका बैठकीत कुणी ज्येष्ठ हसून म्हणाले, "ओव्हाळबाई, आता पोटातला जंतू रक्तदाबही वाढवणार? पगार किती देता त्याला?"

"बिनपगारी काम करतो, सर. आपल्याकडे उलटं असतं."

हा किस्सा ऐकून मी पुढच्या सभेत गरजलो, "पिंपाच्या पाण्यातला हाच जंतू आमच्या बायका मारतो!" टाळ्यांच्या गजरात रमाताईंनी मला बाजूला ओढले.

"असं सिद्ध झालेलं नाही. काही संशोधकांना संबंध आढळतो, काहींना नाही. वाक्य मागे घ्या."

"ताई, लोक पेटलेत!"

"खोट्यावर पेटलेले लोक मला नकोत. आणि शुद्ध पाणी मागायला जंतूचा पुरावा कशाला? तहान पुरेशी आहे."

मी माईकवर जाऊन वाक्य मागे घेतले. आयुष्यात एकदाच. मागणी मात्र तसूभरही मागे घेतली नाही. पिंप गेले, नळ आला.

लेकीच्या बारशाला कुणी झबले आणले, कुणी वाळे. रमाताईंनी रक्तदाबाचे यंत्र आणले आणि संगीताच्या हाती दिले. "वाचलीस ना? मग आता बाकीच्यांचं बघ." संगीता सातवी शिकलेली. त्यांनी तिला महिनाभर बसवून शिकवले. आजही आमच्या वस्तीत गरोदर बाई "पित्त झालंय" म्हणाली, की आधी संगीताच्या दारात येते. जे म्हणतात, अशा बायकांना हे जमायचे नाही, त्यांनी एकदा आमच्या गल्लीत यावे.

ज्यासाठी हा लेख लिहितो आहे, त्या पंच्याहत्तरीच्या सत्कारालाही रमाताई तयार नव्हत्या. विनंती करायला आम्ही दोघे गेलो, तेव्हा जिना चढून आलेल्या ताई धापा टाकत होत्या. संगीताने पिशवी उघडली.

"ताई, बसा. हात पुढे करा."

"मला काही झालेलं नाही गं. पित्त आहे जरा."

संगीताने पट्टा उलगडून समोर धरला. उभ्या पुण्याला दरडावणाऱ्या डॉ. रमाताई ओव्हाळ यांनी निमूट बाही वर केली. दाब वाढला होता. गोळ्या सुरू झाल्या, आता तो आटोक्यात आहे.

ताई, आपल्याला उदंड, निरोगी आयुष्य लाभो, असे लिहून मी थांबणार नाही. ते आम्ही दर सोमवारी येऊन मोजणार आहोत. बाही वर करून बसा.