उपयोग: काही नाही

पोरी, जरा जवळ सरक. समोर असतीस तर कान धरला असता. नाहीस, म्हणून वहीत लिहून राहिले. मागच्या महिन्यात तू गावात येऊन गेलीस. पंचायतीच्या आराखड्याचं काम तुझ्याकडं आलं आहे, कोणती जागा कशाला लागते ते लिहायचं, असं मला शेजारणीनं सांगितलं. पारावर बसलीस, माणसांना विचारलंस, चहा घेतलास अन् अर्जुनीची एसटी धरून गेलीस. माझ्या सख्ख्या बहिणीची नात तू. माझं घर त्या पारापासून किती लांब? तिथं कोणी शिंकलं तर मला ऐकू येते. तरी उंबऱ्यावर पाय ठेवला नाहीस. त्याचा राग आहेच, पण पारावर जे सांगितलं ते खरं धरून तू लिहून नेलंस, याचा जास्त आहे. असं खरं धरणारा एक साहेब मी नवी नवरी असताना पाहिला.

ती इंग्रजांच्या राज्याची शेवटची वर्षं. केशोरीकडच्या माहेरून मला या गावात दिलं, त्याला वर्षही झालं नव्हतं. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. गुळाच्या पुड्याचे कागद अन् नवऱ्याचं एक फाटकं पुस्तक, यावर चुलीपुढं बसून अक्षरं जुळवायला शिकले. घरात सासू-सासरे, थोरला दीर, जाऊ अन् आम्ही दोघं. सासूला आत्याबाई म्हणत असू, सासऱ्यांना मामाजी. तळ्याच्या पाण्यावरची धानाची शेती. मामाजींना गावात मान होता. पंचात बसत, कमी बोलत. कमी बोलणाऱ्याला लोक शहाणा समजतात, मीही समजत होते.

घरांच्या मागं, तळ्याच्या पाळीला लागून झुडपांची एक पट्टी होती. पळस, बोर, शिंदी, अन् पावसाळ्यात कमरेएवढा तरोटा. तिला नाव नव्हतं. आम्ही नुसतं 'मागं' म्हणत असू. मागं जाऊन येते म्हटलं की सासूही अडवत नसे. संडास तेव्हा गावात एकही नव्हता. पहाटे अन् दिवस बुडता बाया तिथं जात. मी त्या जागेचे गोडवे गाऊन नाही राहिले. माशा होत्या, डुकरं होती, पाय पाहून टाकावा लागे, पावसात तर नाक दाबूनही भागत नसे. पण आडोसा होता. अन् सुनेला घराबाहेर दोन शब्द बोलायला तेवढीच एक जागा होती. कोणाला दिवस गेले, कोणाला नवऱ्यानं मारलं, सारं तिथं कळे. गावातल्या प्रत्येक पुरुषाला ती जागा कशाची ते ठाऊक होतं. ते तिकडं मान वळवून पाहत नसत. पाळीवरून यायचं झालं तर लांबूनच खाकरत.

उन्हाळ्यात साहेब आले. अर्जुनीपर्यंत रेल्वेनं, पुढं बैलांच्या रेंगीत. आमचं गाव नमुन्याचं करायचं ठरलं होतं म्हणे. सगळ्या जागा मोजायच्या, कोणती कशाला लागते ते लिहायचं, अन् मग गावाच्या भल्यासाठी कुठं काय करायचं ते ठरवायचं. त्यांच्या मनात वाईट होतं असं मी म्हणणार नाही. साखळी ओढून मोजणी झाली अन् मग मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, छपरीत बैठक बसली. साहेबांच्या जेवणाला हात हवेत म्हणून आम्हा बायांना आत स्वयंपाकाला बोलावलं होतं. मधलं दार नुसतं लोटलेलं. सगळं ऐकू येत होतं.

साहेब एकेक तुकडा विचारत, कारकून लिहून घेई. ही जागा? आखर, गुरं बसतात. ही? खळं. ही? मसणवट. मग साहेब म्हणाले, "तळ्याच्या पाळीजवळची ही झुडपांची जागा. हिचा काय उपयोग?"

छपरीत कोणी बोलेना. एक जण पानाची पिंक टाकायला उठून गेला. साहेबांनी मामाजींकडं पाहिलं असावं, कारण पुढचा आवाज त्यांचाच आला.

"काई नाई साहेब. पडीत हाय."

"म्हणजे उपयोग काही नाही?"

"नाई."

"साप निघतात तिथं," मालगुजारानं भर घातली.

"मग लिहा," साहेब कारकुनाला म्हणाले. "उपयोग, काही नाही."

आत आम्ही पदर तोंडात कोंबून हसलो. हे मी लपवणार नाही. थोरल्या जावेला तेव्हा पाचवा महिना होता. ती पोट धरून हसली अन् माझ्या कानाशी लागून म्हणाली, "मामाजी उपयोग नाई म्हनतेत वं. मंग सकारी लोटा घेऊन मी का बोरं तोडाले गेली होती?"

जेवणं उरकली, भांडी घासून झाली, दिवस बुडाला, अन् त्या घरातून निघून आम्ही साऱ्याजणी सरळ तिथंच गेलो.

हसायचं नव्हतं. दाराआडून एकीनं नुसतं खाकरलं असतं तरी साहेबानं मान वर केली असती. पण तेव्हा आम्हाला वाटलं, कागद काय, कागदच तो.

पुढं काही आठवड्यांनी शाळेच्या ओसरीत रंगीत नकाशा टांगला. मी घागर कमरेवर घेऊन उभी राहिले अन् अक्षरं जुळवली. आखर होतं, खळं होतं. आमच्या झुडपांवर हिरवा रंग दिला होता अन् त्यात लिहिलं होतं, बगीचा व बसण्याची जागा. नाल्यापलीकडं टोली होती, ज्यांच्या हातचं पाणी आम्ही पीत नव्हतो त्या लोकांची. ती शोधली, सापडली नाही. कागद नाल्यापाशीच संपला होता.

मी आत्याबाईंना सांगितलं. मामाजी जेवायला बसले तेव्हा आत्याबाईंनी विषय काढला.

"तुमी साहेबाले काऊन नाई सांगतलं?"

"काय सांगाचं होतं?"

"थे जागा बायांची होय म्हून."

"चार मानसांत थे सांगाची गोष्ट होय का?"

"त्याच चार मानसांच्या बाया जातेत तिथी. जाची लाज नाई, सांगाची हाय?"

"तोंड वाढवू नोको. नाल्याकडं जागा का कमी हाय? तिकडं जात जा."

एवढं बोलून त्यांनी ताक मागितलं. ज्या शांतपणानं ते ताक प्याले त्याची मला आजही किळस येते. त्या झुडपांतल्या घाणीची कधी तेवढी आली नाही.

झुडपं तोडली. शिंदीची खोडं जाळली, त्याचा धूर आमच्या परसात दोन दिवस कोंडून होता. काटेरी तार आली, पेरूची रोपं आली, गुलाबाला आळी केली, मधोमध पुरुषमंडळींना बसायला ओटा बांधला. आम्ही नाल्याकडं जाऊ लागलो. तिथं झाडी होती, अन् ती टोलीतल्या बायांची होती. पहिल्याच दिवशी तिथली एक म्हातारी आम्हाला पाहून उभी राहिली.

"तुमी इकडं आल्या माय. मंग आमी कुठी जावं?"

आत्याबाईंना घरात कोणी गप्प करू शकत नव्हतं. त्या दिवशी त्यांनी तोंड फिरवलं, अन् आम्ही बसलो. त्या बाया पुढं उघड्या बरडीवर सरकल्या. शिवलं तर विटाळ मानायचा अन् त्यांचा आडोसा मात्र न विचारता घ्यायचा. पुरुषांनी आमचं जे केलं तेच आम्ही त्यांचं केलं, अन् घरी येऊन हातपाय धुतले. ही गोष्ट सांगताना मी मामाजींना नावं ठेवते तेव्हा ती म्हातारी माझ्याकडं पाहत असते.

पावसाळ्यात नाला दोन्ही थड्या भरून वाहायला लागला अन् तीही जागा गेली. उरली ती तळ्याची पाळ, चहूकडून दिसणारी. रोवणीचे दिवस, धानाच्या बांध्यांत सदा माणसं. तेव्हा बायांनी एक उपाय काढला, जो बायाच काढतात. पाणी पिणं सोडलं. पहाटे एक घोट, मग दिवस बुडेपर्यंत काही नाही. दिवसभर चिखलपाण्यात वाकून धान रोवायचं अन् घसा कोरडा.

जावेला नववा लागत होता अन् तिला उन्हाळी लागली. थेंब थेंब लघवी, नुसती आग, मग थंडी वाजून ताप. सुईण म्हणाली, पाणी पाजा, नाही तर मायही जाईल अन् लेकरूही. मी धण्याचं पाणी करून पेला तिच्या तोंडाशी नेला. तिनं ओठ मिटून घेतले.

"पी ना बाई. सुईन काय म्हनली आयकलं ना?"

"पितो. पिऊन जाऊ कुठी, थे पयले सांग."

आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी जावेचा हात धरून तिला उठवलं अन् मला पेला घेऊन मागं यायला सांगितलं. अजून उजेड होता. बगीच्याच्या तारेपाशी गेलो. आत्याबाईंनी खालची तार पायानं दाबली, वरची हातानं उचलली, तळव्यातून रक्त आलं.

"जा. बस तिथी. अना मंग पानी पी."

मी पाठ फिरवून उभी राहिले. पाळीवरून कोणी येताना दिसलं तेव्हा मी पुरुषासारखी खाकरले. तो माणूस वळून गेला. जाऊ बाहेर आली, तारेला धरून तिनं सारा पेला पिऊन टाकला अन् आणखी मागितला.

दुसऱ्या दिवशी वाकलेल्या तारेतून आणखी दोघी-तिघी गेल्या. कोणी कोणाला बोलावलं नाही. थोड्याच दिवसांत साऱ्या गावच्या बाया जाऊ लागल्या. नाल्याला उतार पडला तसा पलीकडच्या कोपऱ्यातून टोलीच्या बायाही आल्या, अन् त्यांना कोणी हटकलं नाही. झुडपं होती तेव्हा घाण झाकलेली होती. आता ती गुलाबाच्या आळ्यात होती, ओट्याच्या पायरीवर होती, पावसानं पसरून पायवाटेवर आलेली. गंमत अशी की पुरुषांना पत्ता नव्हता. त्या बाजूला न पाहायची त्यांची सवय इतकी जुनी, की बगीचा झाला तरी ते पाहत नव्हते.

पोळा झाल्यावर साहेब बगीचा पाहायला आले. सोबत मालगुजार, मामाजी अन् पाच-सहा मानाची माणसं. आम्ही आमच्या परसाच्या कुडाआडून पाहत होतो. साहेब फाटकातून ऐटीत आत गेले, थोडं चालले अन् थबकले. रुमाल नाकाशी गेला. एक पाय बगळ्यासारखा वर.

"ही काय घाण आहे? कोण येतं इथं? ही जागा तुम्ही लोक कशासाठी वापरता?"

पुन्हा तोच प्रश्न, अन् पुन्हा कोणी बोलेना. मामाजी खाली जमिनीकडं पाहत होते, अन् तिथं पाहण्यासारखं काही नव्हतं.

आत्याबाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला अन् कुडावरून म्हणाल्या, "साहेब, मांगच्या खेपी हेच इचारलं होतं तुमी. तवा जबाब नाई भेटला. आता तुमच्या जोड्याले लागला हाय, पाहून घ्या."

"ही बाई कोण?" साहेबांनी विचारलं.

ते कोणी सांगितलं नाही. मामाजींनीही नाही.

कोणी पाणी आणलं, कोणी जोडा धुतला, धुणाराचे हात कोणी धुतले ते मला दिसलं नाही. रेंगीत बसताना साहेब कारकुनाला म्हणाले, हे गाव अजून सुधारायच्या लायकीचं झालेलं नाही.

नंतर काही झालं नाही. ती जागा बायांची आहे असं कागदावर लिहून घ्या, म्हणायला कोणी गेलं नाही. बायांसाठी वेगळी सोय करावी असंही कोणाला वाटलं नाही. बगीचा सोडून दिला. पेरूची रोपं गाईंनी खाल्ली, तार ज्याला लागली त्यानं नेली, अन् तरोटा, पळस आपले परत आले. जावेला मुलगी झाली, जगली. जावेची उन्हाळी मात्र बरी झाली नाही. मामाजी धान कापून होईपर्यंत आत्याबाईंशी बोलले नाहीत, जेवत मात्र त्यांच्या हातचंच होते. अन् पारावर साहेबाच्या जोड्याची गोष्ट माणसं हसून हसून सांगत राहिली. मीही कितीदा ऐकली. पाणी न पिणारी बाई त्या गोष्टीत कधी आली नाही.

आता शेजारीण सांगते की तूही त्या पाळीजवळच्या पट्टीचं विचारलंस, अन् पारावरचे म्हणाले, रिकामी आहे. तू लिहून घेतलंस. पोरी, घरोघरी संडास झाले हे खरं. पण उन्हाळ्यात विहिरी आटतात, नळाला पाणी नसते, तेव्हा कोणत्या घरची बाई लोटा घेऊन कुठं जाते, हे तुला पारावरचा बाप्या सांगणार आहे का? त्यांचे आजेही असंच म्हणाले होते.

तो कागद अजून वर पाठवला नसशील तर पाठवू नको. माझी जाऊ अजून आहे. कान गेले, डोळे आहेत. पाणी विचारलं तर अजून अर्धाच पेला मागते, अन् तोही आधी दाराकडं पाहून. तिला विचार काय विचारायचं ते, पण धान कापायच्या आधी ये, तिचं आता रोजचं नक्की नाही. पारावर थांबू नको. विहिरीकडून वळ अन् मागच्या दारानं ये, ते दिवसा उघडंच असते.