वस्तादांचा हुंकार

जवसाच्या तेलाचा वास आला की मला अमडापूरचा आखाडा आठवतो; तेल-ताक घालून मळलेली ती लाल माती, आणि वस्ताद वारल्यापासून कुलूपबंद असलेलं दार. त्यांच्या बायकोकडून, म्हणजे काकूंकडून, किल्ली मागून मी पहाटे तिथे एकटाच जोर मारायचो. परदेशातल्या नोकरीच्या आशेनं स्पॅनिश शिकत होतो, म्हणून कानात मोबाइलचे धडे चालू असायचे. त्या दिवशीचा धडा होता ‘पोनेर्से एन फोर्मा’, म्हणजे अंग कमावणं. प्रत्येक जोराला मी तेच मोठ्यानं म्हणू लागलो. जोर मारणाऱ्याला एकटं सोडायचं नाही, ही तिथली रीत. वस्ताद असताना बाजूला बसून हुंकार द्यायचे. तसाच हुंकार अंधाऱ्या कोपऱ्यातून आला. इयरफोन काढले, तरी आला. मातीत पावलं फक्त माझीच होती. घाईनं कुलूप लावून किल्ली द्यायला गेलो, तर आखाड्याच्या भिंतीपलीकडेच राहणाऱ्या काकूंनी चहा गाळता गाळता विचारलं, “त्याईले काय शिकवून राह्यला रे बाबू? केव्हाचे तेच घोकून राह्यले.” आता ते शब्द मला सहज येतात, पण एकटा असताना मी ते मोठ्यानं म्हणत नाही. एव्हाना त्यांनाही येत असतील.