शिमग्यात बरा होणारा पाय

आमच्या गावात एक कुजबूज होती. केरू पाष्ट्याचा उजवा पाय वर्षभर लंगडा असतो आणि शिमग्यापुरता बरा होतो. बायका ती पाणवठ्यावर करत, पुरुष इद्रीसच्या हॉटेलात. कोणी म्हणे, पायाला कसलंसं तेल चोळतो. कोणी म्हणे, अपंगाचा दाखला मिळावा म्हणून त्याने कुठल्याशा डॉक्टरच्या दारात गावठी कोंबडा नेऊन बांधला. कोंबड्याचा रंगसुद्धा सांगणारे होते. मला अशा गोष्टी ऐकायला फार आवडतात, आणि ऐकलेलं पोटात ठेवणं माझ्या तब्येतीला कधी मानवलं नाही.

गाव मिरजोळ्याच्या पलीकडे. केरू तरुणपणी चिरेखाणीवर जांभा कापायचा. एका दुपारी कापलेल्या चिऱ्यांची रास घसरली आणि त्याच्या गुडघ्यावर आली. तेव्हापासून हातात काठी. घरात बायको राही, दोन लहान पोरं, आणि दिवाळीचं भात होळीपर्यंत कसंबसं पुरेल एवढी जमीन. पुढे सरकारने निराधार आणि अपंग माणसांना दरमहा अनुदान द्यायला सुरुवात केली. केरूच्या नावाने मनीऑर्डर येऊ लागली आणि राहीच्या चुलीवरच्या भांड्याला पावसाळ्यातही झाकण लागलं.

मग राजकारण आलं. ऐंशीनंतरची वर्षं ती. रत्नागिरीत एक पुढारी भाषणात म्हणाला, धडधाकट माणसं लंगडी होऊन सरकारी तिजोरी खातात, हे अनुदान छाटलंच पाहिजे. आठवड्यात दुसरा आला. गरिबाच्या मनीऑर्डरीला हात लावून तर बघा, म्हणाला. टाळ्या दोघांनाही सारख्याच पडल्या, कारण ऐकणारी माणसं तीच होती. इद्रीसच्या हॉटेलात मात्र दोन बाकांचे दोन पक्ष झाले. छाटाछाटीच्या बाकावर सगळ्यात मोठा आवाज धाकूचा. हा केरूचा सख्खा चुलतभाऊ.

"फुकटचं खाल्लं की माणूस कामातून जातो," धाकू टेबल बडवून म्हणायचा.

"धाकूदादा, काल पंचायतीतून खताची गोणी डोक्यावर घेऊन आलास, ती काय कमावलेली होती?" इद्रीस बशा विसळता विसळता विचारायचा.

"खताची गोष्ट वेगळी!"

"व्हय, त्याला वास येतो."

केरू कोपऱ्यात बसून हे सगळं ऐकायचा. त्याला कोणी छेडलं, "काय रं केरू, तू कनच्या बाकावर?" तर म्हणायचा, "माजा पाय लांब करून बसता येईल त्या." आणि बशीतला चहा फुंकत राहायचा.

आता पालखीचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शिमग्यात ग्रामदेवाची पालखी बाहेर पडते आणि ढोलांवर नाचते. पुढच्या दांडीला पहिला खांदा पाष्ट्यांच्या थोरल्या घराचा, म्हणजे केरूचा. ज्या घराने खांदा दिला नाही, त्याचा मान भावकीतल्या पुढच्या घराकडे जातो, आणि गेलेला मान परत येत नाही. पुढचं घर कोणाचं? धाकूचं.

मी दुकानदार माणूस. मला कसला मान नाही, त्यामुळे बांधावर उभं राहून मान उंच करायची तेवढी मुभा. तिथून गर्दीत काय दिसणार? गुलाल, दांडी आणि डोकी. केरूची काठी राहीच्या हातात आणि केरू दांडीखाली. त्याचं डोकं तर इतरांपेक्षा वीतभर वर उडायचं. आता सांगा, कुजबूज होईल नाहीतर काय होईल?

तर पुढाऱ्यांच्या त्या भांडणातून असं निघालं की, अनुदान घेणारे खरे किती आणि खोटे किती ते गावोगाव जाऊन तपासा. वैशाखात एक नायब तहसीलदार आमच्या शाळेच्या पडवीत येऊन बसले. आख्खं गाव जमलं. उन्हात उभं राहून दुसऱ्याची चौकशी बघण्यासारखी करमणूक नाही. केरूची पाळी आली. साहेबांनी गुडघा बघितला, मान हलवली. सगळं सरळ चाललं होतं. एवढ्यात गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "सायेब, त्याला शिमग्यात बगा! पालखी नाचवतो!"

साहेबांनी चष्मा काढला. "खरं का रे?"

केरूने काठी मांडीवर आडवी घेतली.

साहेब माणूस चांगला होता. आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, तू नुसता हात लावून उभा असशील. भार दुसरेच घेत असतील. तसं सांग, मी लिहितो. तुझं अनुदान चालू राहील."

केरूच्या शेजारीच गावकार बसला होता, मानपानाचा निवाडा करणारा. त्याने पानाची पिचकारी टाकायची थांबवली. मला तर राहवेना. हा काय बोलणार? भार घेतला नाही म्हणाला, तर मनीऑर्डर राहते आणि मान जातो. घेतला म्हणाला, तर मान राहतो आणि मनीऑर्डर जाते.

"सांगा की वो," राही मागून म्हणाली. "पोरं काय मान खातील?"

केरूने तिच्याकडे वळून बघितलं नाही. "नाचवतो, सायेब. आमच्या घराचा खांदा हाय."

"तुझ्या बाजूला कोण असतो?"

"ह्यो," म्हणून लोकांनी धाकूला पुढे ढकललं.

सगळ्यांच्या माना धाकूकडे. त्याने एक शब्द बोलायचा होता, "न्हाय." मान आपसूक त्याच्या अंगणात आला असता. भावाची मनीऑर्डरही वाचली असती आणि वर पुण्य. पण धाकू पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाला, "उचलतो, सायेब. माज्यापरीस जास्त भार घेतो."

साहेबांनी उसासा टाकला आणि नाव खोडलं.

राहीने तिथेच धाकूचा उद्धार केला. "मेल्या, ह्याच्यासाटी हाटेलात बोंबलत व्हतास! भावाच्या पोरांच्या तोंडचा घास काडलास! तुज्या घरात पाऊल टाकीन तर नावाची न्हाय!" गावाचंही तेच मत पडलं. बघा, बोलून दाखवलंन आणि करून दाखवलंन. दुसऱ्या बाकाचा पुढारी तर धावत आला. केरूला व्यासपीठावर बसवून अन्याय दाखवतो म्हणाला. केरूने विचारलं, "तिथे पाय लांब करता येईल काय?" आणि गेला नाही.

राही मिरजोळ्याला कारखान्याच्या शेडच्या बांधकामावर पाट्या वाहायला जाऊ लागली. केरू ओट्यावर बसून सुंभ वळायचा आणि पोरांना पेज घालायचा. दर शिमग्याला त्याचं डोकं गुलालात तसंच उडत राहिलं, आणि आमची कुजबूजही. धाकूशी राही मरेपर्यंत बोलली नाही. धाकूनेही खुलासा केला नाही.

आता केरूही नाही. त्याचा मुलगा दांडीला लागतो, दोन्ही पाय धड, मानाची काळजी नाही. धाकूला डोळ्यांनी कमी दिसतं, माझ्या दुकानाच्या फळीवर येऊन बसतो. मी त्याला कितीदा खोदलं असेल! तपकीर दिली, जर्दा दिला, त्याच्या पुढाऱ्याची स्तुतीसुद्धा केली. यंदा होळीच्या सुमारास शेवटी बोलला.

केरूचा पाय शिमग्यातही लंगडाच होता. दांडीखाली धाकू एका हाताने दांडी धरायचा आणि दुसऱ्या हाताने केरूला कमरेला धरून वर उचलायचा.