बादूकाकांची झूम-परीक्षा

घानातल्या कुमासी शहरात याव बादू हे छायाचित्रकार बावीस वर्षं मयतीचे फोटो काढतात. रडणाऱ्या बाईच्या तोंडासमोर कॅमेरा नाचवणाऱ्यांची त्यांना किळस येते. ते मांडवाच्या कडेला उभे राहतात आणि लांबूनच झूम करतात. तिथं मयतीचे मांडव शनिवारी पडतात, म्हणून कुठलाही नवा कॅमेरा ते शनिवारच्या मयतीतच पारखतात.

गेल्या शनिवारी दुकानदार क्वामेना एक खिशात मावणारा कॅमेरा घेऊन मांडवात आला. "बादूकाका, वीसपट झूम! चेहरे तर स्वतःच शोधून चौकट लावतो."

बादूंनी तो विधवेवर रोखला आणि झूम केला. तिच्या चेहऱ्याचा नुसता लगदा झाला.

"हा चेहरा आहे का कालच्या कुटलेल्या कंदाचं फुफू?"

चौकट सुतकाच्या लाल-काळ्या कपड्यांतल्या दोनशे काळ्याभोर चेहऱ्यांवरून भटकली, एकावरही थांबली नाही. शेवटी शवपेटीवरच्या चिनीमातीच्या गोऱ्या देवदूतावर जाऊन घट्ट बसली.

"उजेड कमी पडला असेल," क्वामेना पुटपुटला.

"भर दुपारी?" मेलेला उंदीर धरावा तसा कॅमेरा दोन बोटांत धरून बादूंनी परत दिला. "थू! बनवणाऱ्यांना सांग, इथं मेलाय तो पेटीतला एकटाच. आम्ही बाकीचे जिवंत आहोत."