बुडीत गावातलं जावळ

खरं सांगायचं तर त्या वर्षांत माझा देवीवर विश्वास उरला नव्हता. दोन लेकरं हातची गेल्यावर ही मुलगी जगली, आणि सासूबाईंनी तेव्हाच नवस बोलून ठेवला की हिचं जावळ मरीमायच्या मूळ ठाण्यावरच काढायचं. आता ते मूळ ठाणं कुठं, तर धरणाच्या पाण्यात. माझ्या सासरचं जुनं गाव पैनगंगेच्या काठी होतं. धरण झालं, गाव बुडालं आणि माणसं आखाडा बाळापूरच्या बाजूला नव्या गावठाणात आली. मूर्तीसुद्धा नव्या देवळात आली, पण सासूबाईंच्या मते मूर्ती हलते, देवी जागा सोडत नाही. त्यामुळे पोरगी तीन वर्षांची झाली तरी तिच्या डोक्यावर केसांच्या जटा तशाच. उन्हाळा आला की डोक्यात घामोळं, फोड आणि रडारड. मी मनात म्हणायची, जिला आपली जागा बुडताना वाचवता आली नाही, ती माझ्या लेकराला काय राखणार?

त्यात आणखी एक दुखणं होतं. जावळ काढताना लेकरू मामाच्या मांडीवर बसवायचं असतं आणि मला भाऊच नाही. सासूबाईंनी तोडगा काढला होता की मामाच्या जागी पाटावर नारळ मांडू. त्या सहज बोलून गेल्या, पण मला ते फार लागलं.

दोन हजार सालानंतर काही उन्हाळे अगदी कोरडे गेले. त्यातल्या एका उन्हाळ्यात बातमी आली की धरणाचं पाणी पार खाली गेलं आणि जुन्या गावाचे दगड उघडे पडले. आमच्या ह्यांची जीप बाळापूर–कळमनुरी सवारी भरायची. त्या दिवशी सवारी बंद ठेवून सासूबाई, गावातली पाच-सहा म्हातारी माणसं, न्हावी आणि आम्ही तिघं असे सकाळीच निघालो. डांबरी रस्ता सुटला, मग बैलगाडीची वाट संपली, आणि पुढे वाटच नव्हती. धरणाच्या पोटातलं ते वाळवंट मी कधी पाहिलं नव्हतं. नजर जाईल तिथवर भेगाळलेला गाळ, पावसाच्या ओघळींनी कापलेल्या माणूसभर खोल घळी, पाण्यात मेलेल्या बाभळींची पांढरी खोडं. जीप एका घळीत उतरायची, कण्हत वर चढायची, आणि मागची म्हातारी मंडळी मात्र लग्नाला निघाल्यासारखी खुशीत. इथं माझा गोठा होता, इथं पाटलाची चिंच होती, असं जिथं काहीच नव्हतं तिथं बोट दाखवत होती. त्यांचं ते सुख बघून मलाही हसू येत होतं.

गाव दिसायला लागल्यावर ह्यांनी गाडी थांबवली. गावाच्या मागच्या बाजूला बरड माळ होता, उंच आणि कडक. तिकडून गाडी नीट गेली असती. पण म्हातारे अडून बसले. गावात शिरायचं ते वेशीतून, मारुतीच्या पाया पडून. आपल्याच गावात चोरावाणी मागून काहून शिरायचं? वेस होती नाल्याच्या सखल भागात, आणि तीही आता दोन दगडांपुरती उरलेली. ह्यांनी समजावून पाहिलं, पण वडीलधाऱ्यांपुढं किती बोलणार? गाडी खाली घातली. वरून वाळलेला दिसणारा गाळ आत ओला होता. वेस दगड मारण्याइतकी जवळ आली आणि चाकं फसली. जितका जोर लावला तितकी जीप खाली गेली.

पुरुष माणसं माती उकरायला लागली. म्हाताऱ्यांना वाटलं, निघेल आता गाडी; तोवर आपण वेशीत जाऊन येऊ. मारुती नव्या गावात नेलेला, इथं नुसता ओटा. तरी त्यांनी भक्तिभावानं त्या ओट्याला आंघोळ घातली, आमच्याकडचं प्यायचं पाणी ओतून. मला कळलं तेव्हा कॅनच्या तळाशी घोटभर उरलं होतं. धरणाचं पाणी दूरवर चमकत होतं, पण मधल्या दलदलीत पाय टाकायची सोय नव्हती.

ऊन चढलं. सावली म्हणावी तर जीपखाली. पोरगी आधी रडली, मग किरकिरली, मग गप्प झाली. तिचं अंग तापलं होतं, ओठ सुकले होते आणि हाक मारली तरी डोळे उघडेना. उरलेला घोट तिच्या ओठांना लावला, तर तो गालावरून ओघळून गेला. हे बरडाकडे कोणी भेटतं का बघायला पळत गेले. सासूबाई मरीमायचं नाव घेत बसल्या. मला नावही घेववेना. मी तिला छातीशी इतकं घट्ट धरलं होतं की माझ्याच अंगाची आग तिला लागत असेल, हेही कळत नव्हतं.

तेवढ्यात बरडावर ट्रॅक्टरचा आवाज आला. ट्रॉलीत बरीच माणसं होती, त्यांत हेही होते. ट्रॅक्टर कडक जमिनीवरच थांबला आणि एक माणूस उडी मारून धावत आला. चाळिशीचा, शर्टपँटमधला. त्यानं हात पुढं केले आणि म्हणाला, "ताई, लेकरू द्या इकडं."

मी दिलं. कोण, कुठला, काही विचारलं नाही. तीन वर्षं मी जिला शेजारणीकडेही सोडली नव्हती, ती मुलगी मी एका परक्याच्या हातात ठेवली आणि माझे हात मोकळे झाले. तो तिला ट्रॉलीच्या सावलीत घेऊन गेला. त्यांच्याजवळच्या पाण्यात आपला शर्ट भिजवून तिच्या अंगावर टाकला, मांडीवर घेऊन बोटानं थेंब थेंब पाणी तिच्या तोंडात सोडत बसला. त्याच्या घरच्या बायका पदरानं वारा घालत होत्या. किती वेळ गेला देव जाणे. मग पोरीनं डोळे उघडले आणि "पाणी" म्हणाली. मी तिथंच बसून हमसून हमसून रडले.

ट्रॅक्टरनं दोर लावून जीप ओढून काढली. सासूबाईंनी त्याला विचारलं, "कोणाचा रं तू?" त्यानं बापाचं नाव सांगितलं. तो याच गावचा निघाला, वरच्या अंगाच्या बौद्ध वस्तीतला. गाव उठलं तेव्हा त्यांना दुसरीकडे जागा मिळाली, तेव्हापासून गाठ नव्हती. त्यांचा विहार होता ती जागा बघायला ही मंडळी आली होती, त्यांच्या नेहमीच्या वाटेनं, बरडावरून.

मरीमायचं ठाणं तिथून जवळच होतं; पोरीला घेऊन तोही तिथवर आला. न्हाव्यानं वस्तरा काढला, पाट मांडला, नारळ ठेवला. पण पोरगी त्या माणसाच्या मांडीवरून उठेना. ओढलं की त्याचा बनियन धरून ठेवायची. सासूबाईंनी पाटावरचा नारळ उचलून बाजूला ठेवला. म्हणाल्या, "लेकरानं मामा धरलाय बाबा. तूच बस."

तो जरा संकोचला. "माय, आमी नवसबिवस मानत न्हाई," तो म्हणाला. "पण लेकरू मला सोडत न्हाई, तर बसतो मी."

आणि तो बसला. जटा खाली पडत गेल्या, पोरगी शांत बसून राहिली. शेवटी त्यानं आपला रुमाल पाण्यात बुडवून तिच्या तुळतुळीत डोक्याला बांधला. तिच्या डोक्याला इतका गारवा जन्मात पहिल्यांदाच मिळाला असेल.

पुढच्या पावसाळ्यात ते ठाणं पुन्हा पाण्याखाली गेलं. देवीनं त्या माणसाला धाडलं की तो आपल्या कामानं आला होता, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. तो स्वतः भेटला की हसून म्हणतो, "मी विहार बघायला आलो होतो, ताई." मी हो म्हणते. पूर्वी मी देवापुढं हात जोडायची तेव्हाही मूठ आवळलेलीच असायची; हे दे, ते राख, एवढंच मागणं. त्या दुपारी मात्र मी काही मागितलं नाही, नाव घेतलं नाही. समोर हात आले, त्यांत लेक ठेवली. आयुष्यात तेवढी एकदाच मी खरी शरण गेले, आणि तेव्हा देव माझ्या ध्यानातही नव्हता.